यशाचे ऋण

१९५२ सालची गोष्ट. अमेरिकेतील एका गृहस्थाने आपल्या पाच वर्षांच्या मुलाला सर्कशीवरचा एक मोठा चित्रपट दाखवण्याचे कबूल केले. बालकांचे कान त्यांना हवे तेवढेच ऐकतात! या मुलाने 'सर्कस' हा शब्द तेवढा ऐकला आणि 'चित्रपट' हा शब्द वाऱ्यावर सोडून दिला. मनातल्या मनात त्याने भला मोठा तंबू उभारला, त्यात हत्ती झुलवले, सिंहांच्या डरकाळ्याही ऐकल्या. प्रत्यक्षात पाहतो तो काय, एक काळोखे दालन, रांगेने मांडलेल्या खुर्च्या आणि समोर पांढरा पडदा! स्वारी हिरमुसली. परंतु खेळ रंगात आला आणि पडद्यावर आगगाड्यांची भीषण टक्कर झाली. डबे एकमेकांवर आदळले, पिंजरे फुटले, श्वापदे मोकळी सुटली. मुलगा खुर्चीत अंग चोरून बसला. पुढे सर्कस तो विसरला. ती टक्कर मात्र त्याच्या मनातून जाईना.

काही वर्षांनी त्याला खेळण्यातली आगगाडी मिळाली, तेव्हा तीच टक्कर तो पुनःपुन्हा घडवून आणू लागला. गाड्या मोडू लागल्या. असेच चालले तर खेळणे काढून घेण्यात येईल, अशी तंबी घरातून मिळाली. आता काय करावे? वडिलांपाशी आठ मिलिमीटर फितीचा एक लहानसा कॅमेरा होता. मुलाने तो हाती घेतला, आणखी एकदा टक्कर घडवली आणि ती फितीवर टिपून ठेवली. आता गाडी मोडण्याचे कारणच उरले नाही. वाटेल तेव्हा दिवा मालवावा, यंत्र फिरवावे आणि टक्कर पाहावी! ज्या पडद्यावरून भीती त्याच्या घरात आली होती, त्याच पडद्यावर त्याने तिला परत नेऊन बसवले.

हा मुलगा म्हणजे जगप्रसिद्ध चित्रपट-दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग. १८ डिसेंबर १९४६ रोजी ओहायो राज्यातील सिनसिनाटी या शहरात त्याचा जन्म झाला. वडील विद्युत अभियंता. संगणकाच्या बाल्यावस्थेत त्या यंत्रावर काम करणाऱ्यांपैकी ते एक. आई पियानोवादनात निपुण. वडिलांच्या नोकरीमुळे बिऱ्हाड गावोगाव हलत असे. नव्या गावी, नव्या शाळेत ओळखी जुळतात न जुळतात तोच निघण्याची वेळ येई. स्टीव्हन स्वभावाने भित्रा होता. रात्र झाली की खिडकीबाहेरच्या झाडाच्या फांद्या त्याला राक्षसाच्या हातांसारख्या भासत. वर्गात वाचावयास उभे केले की अक्षरे त्याला दाद देत नसत. वर्गबंधूंहून तो वाचनात दोन वर्षे मागे होता. डिस्लेक्सिया नामक वाचनदोषामुळे असे घडत होते, हे त्याला कळले तेव्हा त्याने साठी गाठली होती! शाळेत मात्र त्याची गणना आळशी मुलांत होई.

याहून खोल असे एक शल्य होते. त्याचे कुटुंब ज्यू धर्माचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिटलरच्या राजवटीने युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंचा संहार केला; त्यांत स्पिलबर्ग घराण्याचे आप्तही होते. सिनसिनाटीत असताना स्टीव्हनची आजी त्या संहारातून वाचून आलेल्या निर्वासितांना इंग्रजी शिकवीत असे. छळछावणीत कैद्यांच्या हातांवर क्रमांक गोंदत असत. अशाच एका गृहस्थाने आपल्या हातावरचे ते अंक दाखवून छोट्या स्टीव्हनला अंकओळख करून दिली. हात कोपरातून वळवून तो गृहस्थ म्हणे, बघ, सहाचे नऊ झाले! बालकाला ती जादू वाटे. त्या जादूमागे केवढे दुःख दडलेले आहे, हे समजण्याचे त्याचे वय नव्हते. पुढे शाळेत काही दांडगट मुले तो ज्यू म्हणून त्याला चिडवू लागली, मारू लागली. तेव्हा आपले ज्यू असणे लपवता आले तर बरे, असे त्या कोवळ्या मनाला वाटू लागले. मनुष्य अंधारातून पळतो, तसा हा मुलगा आपल्याच कुळाच्या कथेपासून पळू लागला.

कॅमेरा हाती असला म्हणजे मात्र त्याची भीती कोठल्या कोठे नाहीशी होई. ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरी राहत असताना त्याने बालवीर पथकातील छायाचित्रणाचे पदक मिळवण्यासाठी एक छोटा चित्रपट तयार केला. मग नाद लागला तो सुटेना. बहिणी, मित्र, शेजारी असे सारे त्याचे नट झाले. १९६४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने 'फायरलाइट' नावाचा दोन तासांहून अधिक लांबीचा चित्रपट पुरा केला. खर्च सुमारे ५०० डॉलर. गावातील एका नाट्यगृहात एका रात्रीपुरता तो दाखवण्यात आला. खर्च वजा जाता नफा उरला तो अवघा एक डॉलर!

एवढा उत्साह पाहून चित्रपटशास्त्राच्या विद्यालयाने त्याला आनंदाने जवळ केले असेल, असे कोणालाही वाटेल. परंतु गुणपत्रिकेत उत्साहाला रकाना नसतो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट-विभागाने त्याला प्रवेश नाकारला. तोही एकदा सोडून दोनदा. मग लाँग बीच येथील महाविद्यालयात नाव घालून तो सवड मिळेल तेव्हा हॉलिवूडच्या चित्रनगरीत जाऊ लागला. काम कसे चालते, दिवे कसे लावतात, संकलक फितीचे तुकडे कसे जोडतो, हे तो टक लावून पाही. १९६८ साली त्याने 'अँब्लिन' हा २६ मिनिटांचा चित्रपट काढला. तो युनिव्हर्सल या बड्या चित्रसंस्थेच्या अधिकाऱ्यांच्या पाहण्यात आला आणि त्यांनी या तरुणाला सात वर्षांच्या कराराने बांधून घेतले. महाविद्यालयाचा अभ्यास अर्धाच राहिला.

दूरदर्शनसाठी काढलेल्या 'ड्युएल' या चित्रपटाने १९७१ साली स्पिलबर्ग यांच्याकडे लोकांचे लक्ष वेधले. कथा ती केवढी! एका निर्मनुष्य रस्त्यावर एक अवजड मालमोटार एका लहान मोटारीचा पाठलाग करते. मालमोटारीच्या चालकाचा चेहरा अखेरपर्यंत दिसत नाही. जे दिसत नाही त्याचेच भय अधिक, हे लहानपणी रात्री जागून शिकलेले ज्ञान येथे कामी आले. चार वर्षांनी तेच ज्ञान त्यांना मोठ्या संकटातून तारणार होते.

१९७४ साली अजस्र शार्क माशाची कथा सांगणाऱ्या 'जॉज' या चित्रपटाचे चित्रण सुरू झाले. दिग्दर्शकाचे वय सत्तावीस वर्षांचे. चित्रनगरीतील हौदात समुद्राचा देखावा उभा करणे सोयीचे होते. परंतु समुद्र खराच हवा, असा स्पिलबर्ग यांचा आग्रह. चित्रण-मंडळी मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर गेली. यांत्रिक मासे तयार करून आणले होते. गोड्या पाण्यात शहाण्यासारखे वागणारे ते मासे समुद्राच्या खाऱ्या पाण्यात उतरताच रुसले. यंत्रे गंजली, नळ्या बिघडल्या, एक मासा तर तळाशीच गेला. नावा वाऱ्याने भरकटत, क्षितिजावर नको तेव्हा परक्या शिडांच्या होड्या दिसत. ५५ दिवसांत संपावयाचे काम १५९ दिवस चालले आणि खर्च दुपटीहून वर गेला. हा तरुण आता संपला, अशी कुजबुज हॉलिवूडमध्ये सुरू झाली.

अशा वेळी दोन मार्ग असतात. एक म्हणजे नसलेल्या गोष्टीसाठी रडत बसणे. दुसरा म्हणजे असलेल्या गोष्टींत भागवणे. मासा चालत नाही ना, मग तो दाखवायचाच नाही! पाण्यावर डुलणारी पिवळी पिंपे, लाटेतून क्षणभर वर येणारा पाठीचा पर, जॉन विल्यम्स या संगीतकाराचे दोनच स्वरांचे आवर्तन आणि शांत निळे पाणी, एवढ्या सामग्रीवर त्यांनी भय उभे केले. मासा पुरता दिसतो तो तासाहून अधिक वेळ लोटल्यावर. तोवर प्रत्येक प्रेक्षकाने आपापल्या मनात एकेक मासा निर्माण केलेला असतो आणि तो कोणत्याही यंत्राहून भयंकर असतो. जून १९७५ मध्ये 'जॉज' प्रदर्शित झाला आणि चित्रपटगृहांपुढे रांगा लागल्या. दुसऱ्या महायुद्धात वस्तीची वस्ती उद्ध्वस्त करणाऱ्या प्रचंड बॉम्बला 'ब्लॉकबस्टर' म्हणत. गर्दीचा उच्चांक मोडणाऱ्या चित्रपटासाठी तो शब्द आधीच रूढ होऊ लागला होता. 'जॉज'नंतर त्या शब्दाबरोबर स्पिलबर्ग यांचे नाव कायमचे जोडले गेले.

आता यशाने त्यांचे बोट धरले. आपल्या महाराष्ट्रालाही त्या काळी त्यांची ओझरती भेट घडली. 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' या चित्रपटात परग्रहावरून आलेले पाच स्वरांचे गान शेकडो भारतीय ग्रामस्थ गात आहेत आणि हे स्वर कोठून आले असे विचारताच सर्वांची बोटे एकदम आकाशाकडे वळतात, असा एक प्रसंग आहे. चित्रपटात ते स्थळ उत्तर भारतातील म्हणून दाखवले असले, तरी त्याचे चित्रण १९७७ च्या प्रारंभी रायगड जिल्ह्यातील, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील, खालापूरजवळच्या हाळ या गावी झाले.

मध्ये ठेचही लागली. १९७९ सालचा '१९४१' हा विनोदी चित्रपट अफाट खर्च करूनही फारसा कोणाला रुचला नाही. स्पिलबर्ग त्यातून शिकले. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' हा पुढचा साहसपट त्यांनी ठरलेल्या मुदतीच्या आत पुरा केला. १९८२ साली आला 'ई.टी.'. वाट चुकून पृथ्वीवर राहिलेला एक परग्रहवासी जीव आणि त्याला आसरा देणारा एक एकाकी मुलगा यांच्या स्नेहाची ही कथा. त्यात कॅमेरा बहुतेक वेळ मुलांच्या उंचीवर ठेवलेला आहे. मोठी माणसे बरेचदा कमरेपर्यंतच दिसतात. प्रसंगांचे चित्रण शक्यतो कथेच्या क्रमानेच केले. हेतू हा, की निरोपाचा प्रसंग अखेरीस यावा आणि बालनटांच्या डोळ्यांतले पाणी खरे असावे. गावोगाव फिरलेल्या आणि मित्रांवाचून राहिलेल्या मुलाचे मन या चित्रपटात उमटले आहे.

त्याच वर्षी थॉमस केनेली या ऑस्ट्रेलियन लेखकाचे एक पुस्तक स्पिलबर्ग यांच्या हाती आले. त्या पुस्तकाची जन्मकथाही ऐकण्याजोगी आहे. केनेली एकदा अमेरिकेत चामड्याच्या वस्तूंच्या एका दुकानात कागदपत्रांची पेटी घ्यावयास गेले होते. दुकानदार होते लिओपोल्ड फेफरबर्ग. ओस्कर शिंडलर नावाच्या जर्मन कारखानदाराने पोलंडमध्ये आपली सारी संपत्ती खर्ची घालून अकराशेहून अधिक ज्यूंचे प्राण वाचवले होते; फेफरबर्ग त्यांपैकीच एक. भेटेल त्या लेखकाला ते शिंडलरची कथा सांगत. केनेलींनी ती लिहिली. आता तिचा चित्रपट व्हावा, ही या वृद्धाची तळमळ. काम केव्हा सुरू करणार, असे त्यांनी स्पिलबर्ग यांना विचारले. दहा वर्षांनी, असे उत्तर मिळाले.

ही टाळाटाळ होती काय? काही अंशी होती. ज्या कथेपासून शाळेच्या वयात पळ काढला, तीच कथा आता दारात उभी होती. लोकांना थक्क करणे स्पिलबर्ग यांना साधले होते. परंतु लक्षावधी माणसांच्या मरणाची कथा सांगण्याची आपली योग्यता आहे काय, हा प्रश्न त्यांना सोडीना. त्यांनी ही कथा दुसऱ्या दिग्दर्शकांना देऊ केली. रोमन पोलान्स्की यांनी बालपणी क्राकूव्ह शहरातील ज्यूंच्या कोंडवाड्यात दिवस काढले होते आणि त्यांची आई छळछावणीत मारली गेली होती. त्यांनी नकार दिला. फिरून फिरून कथा स्पिलबर्ग यांच्यापाशीच आली. जे आपलेच ऋण आहे, ते दुसऱ्याच्या हातून कसे फिटावे?

अखेर मार्च १९९३ मध्ये, शब्द दिल्याप्रमाणे सुमारे दहा वर्षांनी, क्राकूव्ह येथे 'शिंडलर्स लिस्ट'चे चित्रण सुरू झाले. कडाक्याची थंडी, भोवती तेच रस्ते, त्याच भिंती. ऑशविट्झच्या छळछावणीच्या आत चित्रण होऊ नये, ती भूमी म्हणजे एक स्मशान आहे, असा आक्षेप ज्यू संघटनेने घेतला. स्पिलबर्ग यांनी तो मानला आणि दाराबाहेर छावणीचा देखावा उभा केला. चित्रपट जवळजवळ सारा कृष्णधवल ठेवला. त्यात एका चिमुकल्या मुलीचा कोट तेवढा लाल दिसतो. त्याच सुमारास अमेरिकेत त्यांचा 'जुरासिक पार्क' पूर्णत्वास जात होता. दिवसभर छळाचे, मरणाचे प्रसंग चित्रित करावयाचे आणि रात्री उपग्रहामार्फत आलेली डायनासोरची दृश्ये तपासावयाची, असा त्यांचा कित्येक आठवड्यांचा क्रम होता. एकाच माणसाने, एकाच वसंत ऋतूत, एका डोळ्याने जगाचे कौतुक पाहावे आणि दुसऱ्या डोळ्याने जगाचे क्रौर्य पाहावे, असा तो योग होता.

जूनमध्ये 'जुरासिक पार्क' आला आणि त्याने आजवरचे उत्पन्नाचे सारे उच्चांक मोडले. १९७५, १९८२ आणि १९९३ असा तीनदा हा मान स्पिलबर्ग यांच्याच चित्रपटांना मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस 'शिंडलर्स लिस्ट' प्रदर्शित झाला. तीन तासांहून लांब, कृष्णधवल आणि दुःखाने भरलेला हा चित्रपट कोण पाहणार, अशी शंका होती. लोकांनी तो पाहिला. चित्रपटगृहातून बाहेर पडताना ते अबोल होते. मार्च १९९४ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शन यांसह सात ऑस्कर पारितोषिके मिळाली. दिग्दर्शनाचे ते पारितोषिक स्पिलबर्ग यांना प्रथमच लाभत होते.

परंतु खरी कसोटी यानंतरची. या चित्रपटाचे मानधन स्पिलबर्ग यांनी घेतले नाही. तो पैसा रक्ताचा आहे, अशी त्यांची भावना होती. चित्रण चालू असताना कित्येक वृद्ध माणसे त्यांना भेटावयास येत आणि आपली हकिकत सांगून ठेवू पाहत. ही माणसे काळाआड गेली म्हणजे साक्ष कोण देणार? या विचाराने १९९४ साली त्यांनी एक संस्था स्थापन केली. संहारातून वाचलेल्यांच्या घरी जावे, त्यांच्यासमोर कॅमेरा ठेवावा आणि त्यांना बोलू द्यावे, हे तिचे कार्य. काही वर्षांतच अनेक देशांत फिरून ५०,००० हून अधिक जणांच्या साक्षी तिने जतन केल्या. २००६ साली ही संस्था एका विद्यापीठाच्या छत्राखाली गेली. ते विद्यापीठ कोणते? ज्याने एके काळी स्पिलबर्ग यांना दोनदा दारातून परत पाठवले होते, तेच दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ! राग धरून बसण्यास जागा होती. पण साक्षी सुरक्षित राहणे महत्त्वाचे होते.

सर्कशीच्या दृश्याने घाबरलेल्या मुलाच्या हाती जेव्हा जगातील सर्वांत लाडका कॅमेरा आला, तेव्हा तो कॅमेरा त्याने सामान्य, थकल्या-भागल्या माणसांच्या चेहऱ्यांसमोर नेऊन ठेवला, ही गोष्ट उत्पन्नाच्या कोणत्याही आकड्याहून मोठी आहे. ज्याने अंकओळख करून दिली, त्या हातावरच्या क्रमांकाचे ऋण त्याने अशा रीतीने मान्य केले.

एक हिशेब अजून बाकी होता. लाँग बीचचा अर्धा सोडलेला अभ्यास! वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी स्पिलबर्ग यांनी तो पुरा केला. पदवीसाठी विद्यार्थ्याने स्वतः केलेला एक चित्रपट सादर करावा लागे. त्यांनी 'शिंडलर्स लिस्ट' सादर केला. २००२ साली पदवीदान समारंभात काळा झगा आणि टोपी घालून ते इतर विद्यार्थ्यांच्या रांगेत उभे राहिले. सारे जग ज्यांना गुरू मानत होते, त्यांना आपण अजून विद्यार्थी आहोत याचा विसर पडला नव्हता.